भिंतीची ओल आणि छातीचा विकार

वार्षिक अहवालात वर्षभरातील बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया, खाटा आणि जमाखर्च यांची नोंद असते. रुग्ण बरा होऊन ज्या घरी परततो, त्या घराची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. श्वसनविकारांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. दम्याच्या तीव्र झटक्यातून सावरून चार दिवसांत घरी पाठविलेले बालक तीन आठवड्यांनी पुन्हा नेब्युलायझरसाठी आणले जाते, असा अनुभव पावसाळ्यात आम्हाला वारंवार येतो. औषध योग्य असते, मात्रा योग्य असते, आईवडील ती नेमाने देत असतात. अशा वेळी अधिक चौकशी केली असता पुष्कळदा एकच माहिती पुढे येते : मुलाचे अंथरूण ज्या भिंतीलगत घातले जाते, ती भिंत आषाढापासून ओली असते.

रुग्णालयात दिलेले औषध घरातील ओल निष्फळ करीत असेल, तर त्या ओलीचा विचार करणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. या भूमिकेतून देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी घरातील बुरशी व हवा यांविषयीची माहिती येथे देत आहोत.

बुरशी का वाढते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. दारे-खिडक्या कितीही बंद केल्या, तरी त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. त्यांचे खाद्यही घरात मुबलक असते. भिंतीचा रंग, पुस्तकांचा कागद, प्लायवूडचे कपाट, चामड्याच्या चपला, कापसाची गादी, इतकेच काय पण साचलेली धूळही बुरशीला पुरते. तिला कमी पडते ते केवळ पाणी. पृष्ठभाग सतत एक-दोन दिवस ओला राहिला की बीजाणूंना तंतू फुटू लागतात आणि काही दिवसांत भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, बुरशीचा डाग हे लक्षण आहे आणि मूळ दोष पाण्याचा आहे. डाग पुसला, वर रंग चढविला आणि पाण्याची वाट तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तोच डाग त्याच जागी उमटतो. तापाचे कारण न शोधता केवळ ताप उतरविण्याची गोळी देत राहण्यासारखाच हा प्रकार होय.

छातीवर होणारा परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांतील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर किंवा बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष त्यांत नोंदविला आहे. हवेत अमुक इतके बीजाणू चालतील, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा मात्र संघटनेने घालून दिलेली नाही. ओल टिकू देऊ नये, हाच त्यातील मुख्य उपदेश आहे. यास्तव घरातील हवेतील बीजाणू मोजून घेण्यासाठी पैसे खर्च करण्यापेक्षा तेच पैसे गळती बुजविण्यासाठी वापरणे श्रेयस्कर.

बहुसंख्य निरोगी माणसांना या बीजाणूंपासून शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे यांपलीकडे त्रास होत नाही. काहींना तोही होत नाही. परंतु चार प्रकारच्या व्यक्तींनी विशेष सावध असावे.

पहिला गट दम्याच्या रुग्णांचा. त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात ‘अ‍ॅस्परजिलस’ नावाच्या बुरशीविरुद्ध तीव्र अ‍ॅलर्जी निर्माण होते. दमा आटोक्यात येत नाही, तपकिरी रंगाचे घट्ट बेडके पडतात, क्ष-किरण चित्रात छाया दिसतात. या छाया क्षयरोगासारख्या भासत असल्याने आपल्या देशात अशा रुग्णांना क्षयाची औषधे दिली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात अनेक आहेत. बेडक्यात क्षयाचे जंतू न सापडता आणि क्षयाची औषधे घेऊनही दम्याच्या रुग्णाची प्रकृती सुधारत नसेल, तर या विकाराच्या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. या बुरशीचे बीजाणू सुमारे दोन ते साडेतीन मायक्रोन इतके सूक्ष्म असल्यामुळे ते फुप्फुसाच्या खोलवर पोहोचतात. त्या केवळ घराच्या भिंतीवरच वाढतात असे नाही. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातही त्या भरपूर असतात.

दुसरा गट क्षयरोगातून बरे झालेल्यांचा. क्षयाने फुप्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिच्यात हीच बुरशी घर करू शकते. पुढे वजन घटणे, खोकल्यातून रक्त पडणे अशी लक्षणे दिसतात. औषधांचा क्रम पूर्ण करून निश्चिंत झालेल्या कुटुंबाला ‘क्षय उलटला’ असे वाटते. प्रत्यक्षात कारण निराळे असू शकते.

तिसरा गट अवयवरोपण झालेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची जी प्राधान्यसूची प्रथमच तयार केली, तिच्या सर्वांत गंभीर गटात ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’चा समावेश आहे, तो मुख्यतः अशा रुग्णांना असलेल्या धोक्यामुळे. चौथा गट लहान मुलांचा व वृद्धांचा. त्यांचा दिवसाचा अधिक वेळ घरातच जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस या आजाराची साथ देशभर चर्चेत होती, तेव्हा कांद्यावरील काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरील काळा थर यांनाच लोक ‘काळी बुरशी’ समजू लागले. तो आजार प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला होता. फ्रिज स्वच्छ ठेवावाच. परंतु त्या थराने तो आजार होतो, ही भीती निराधार होती.

पाणी येते कोठून?

घरातील ओलीच्या वाटा तीन. पहिली पावसाची : गच्चीतील भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी, भिंतीत बुजविलेल्या नळाची गळती, वरच्या मजल्यावरील मोरी. या ओलीचा डाग बहुधा छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात दिसतो आणि पावसासरशी वाढतो. नळाची किंवा मोरीची गळती असेल, तर तो उन्हाळ्यातही कायम राहतो.

दुसरी वाट जमिनीची. दिव्याच्या वातीतून जसे तेल वर चढते, तसे जमिनीतील पाणी विटांतून व गिलाव्यातून दोन-तीन फुटांपर्यंत चढते. भिंतीच्या खालच्या भागात आडवा पट्टा उमटतो, रंगाचे पोपडे निघतात, लोणा लागतो.

तिसरी वाट आपण स्वतः तयार केलेल्या वाफेची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दहा फूट बाय बारा फूट लांबी-रुंदीच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीतील हवेत, तीस अंश तापमानाला, वाफेच्या रूपाने जास्तीत जास्त सुमारे एक लिटर पाणी मावते. कोकण किनाऱ्यावर जुलै महिन्यात बाहेरची हवा मुळातच बहुतांशी भरलेली असते. आता हिशेब करावा. एका माणसाच्या श्वासातून व त्वचेतून दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर पाणी हवेत जाते. खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या एका धुण्यातून दोन लिटरपर्यंत पाणी बाहेर पडते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणी तयार होते : एक किलो गॅसपासून सुमारे दीड किलोहून थोडी अधिक वाफ. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळलेले असते. पातेल्यातून निघणारी वाफ वेगळीच. या पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसली, की ते सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या आतील बाजूला, कपाटाच्या मागे आणि कोपऱ्यांत उतरते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. हातभर जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडील बाजूस जमले तर दोष खोलीतील हवेचा आहे. पहिल्या परिस्थितीत गवंडी लागतो, दुसऱ्या परिस्थितीत सवयी बदलाव्या लागतात.

जुन्या घरांची शहाणीव

कोकणातील जुन्या घरांची रचना पाहिली, तर या तिन्ही वाटांचा विचार पूर्वजांनी केला होता असे दिसते. जांभ्या दगडाचे उंच जोते, उतरत्या कौलारू छपराची रुंद पागोळी, चहूबाजूंची पडवी, पावसाची झड अंगावर घेण्यासाठी भिंतीबाहेर बांधलेले झावळ्यांचे झाप आणि चुन्याचा गिलावा. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडू शकते आणि ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारधर्मामुळे त्यावर बुरशीही सहसा धरत नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर घराला चुना लावण्याच्या प्रथेमागे आरोग्याचेही कारण होते.

सिमेंटच्या सदनिकेत पडवी नाही, पागोळी नाही. भिंतीला आतून ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक रंग लावलेला असतो. बाहेरून पाणी शिरते आणि आतून त्याला निघता येत नाही. रंगाखाली फुगवटे येतात ते यामुळेच. जुन्या घरांकडे परतणे सर्वांना शक्य नाही. परंतु खिडकीवर पुरेसा छज्जा, बाहेरच्या भिंतीच्या भेगांची पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती आणि ओल येणाऱ्या भिंतीला वाफ सोडणारा रंग, एवढे नव्या घरातही साधता येते.

इमारतीतील गळतीवरून शेजाऱ्यांत वाद होतात आणि दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचे पाणी आणि सामाईक नळ यांची गळती दूर करणे हे संस्थेचे काम आहे. सदनिकेतील मोरी, संडास, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची जबाबदारी त्या सदस्याची असते. घरात दम्याचा वा फुप्फुसविकाराचा रुग्ण असल्यास संस्थेला द्यावयाच्या अर्जासोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. असे पत्र मागणाऱ्या रुग्णांना ते देणे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हवा केवळ ओलीने बिघडत नाही

पावसाळ्यात खिडक्या बंद राहतात आणि त्याच दिवसांत डास वाढतात. बंद खोलीत रात्रभर डासांची उदबत्ती जळत राहते. एक डासांची उदबत्ती संपूर्ण जळाल्यावर निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणीला धूर नाही आणि रोजचा खर्चही नाही. देवापुढील उदबत्ती व धूप यांविषयी श्रद्धेचा मान राखून इतकेच सुचवू की, घरात दम्याचा रुग्ण असेल तेव्हा निरांजनावर समाधान मानावे अथवा धूप खिडकी उघडून लावावा. कुबट वास घालविण्यासाठी धूप जाळल्याने वास झाकला जातो. ओल जागच्या जागी राहते.

ज्या घरांत अद्याप चूल आहे, तेथे धुराचा सर्वाधिक भार स्त्रिया व त्यांच्याजवळ बसणारी मुले यांच्यावर पडतो. आयुष्यात विडी न ओढलेल्या स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट विकाराचे हे एक प्रमुख कारण आहे. गॅस आल्यावरही पाणी तापविण्यासाठी चूल चालू राहते. ती निदान पडवीत किंवा घराबाहेर न्यावी.

याच संदर्भात एक गंभीर सूचना. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. ज्वलनाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू तयार होतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. अशा दुर्घटनांत तरुण माणसे दगावली आहेत.

हे अवश्य करावे

१. पावसाळ्यापूर्वी, वैशाख-ज्येष्ठात, गच्ची, पन्हळी, खिडक्यांच्या चौकटी व नळ तपासून घ्यावेत. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करावीत.

२. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावावा. बाहेरची हवा दमट असली, तरी खोलीत साचलेली वाफ आणि धूर त्यामुळे निघून जातात. झडीच्या वेळी वाऱ्याकडील खिडकी बंद व विरुद्ध बाजूची उघडी ठेवावी.

३. स्वयंपाक व स्नान चालू असताना आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा. पातेल्यावर झाकण ठेवावे.

४. कपडे शक्यतो बाल्कनीत अथवा पडवीत वाळवावेत. खोलीतच वाळवावे लागले, तर रुग्ण निजतो त्या खोलीत वाळवू नयेत.

५. कपाटे, पलंग व पुस्तकांची मांडणी बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवावी.

६. वातानुकूलन यंत्राची जाळी दर पंधरवड्याला धुवावी. हे यंत्र हवेतील ओल काढते, परंतु ताजी हवा आत आणत नाही. म्हणून दिवसातून काही वेळ खिडकी उघडणे आवश्यकच.

७. कुंडीतील झाडांनी खोलीतील हवा शुद्ध होते, या समजुतीवर विसंबू नये. तसा परिणाम साधण्यासाठी खोलीत जंगलच लावावे लागेल. उलट पावसाळ्यात कुंड्यांमुळे दमटपणा वाढतो. कापूर व डांबराच्या गोळ्यांनीही ओल जात नाही.

८. हात पसरून झाकता येईल इतकाच डाग असेल, तर साबणाच्या पाण्याने घरीच स्वच्छ करावा. प्रथम तो ओला करावा. कोरडा खरवडल्यास बीजाणू खोलीभर उडतात. हातमोजे व एन-९५ मुखपट्टी वापरावी. नंतर भिंत पूर्ण कोरडी करावी. दम्याच्या वा फुप्फुसविकाराच्या रुग्णाने हे काम स्वतः करू नये व त्या वेळी खोलीतही थांबू नये.

९. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो व श्वास कोंडतो.

पुरानंतरचे दोन दिवस

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. पुराच्या काळात लक्ष साहजिकच जीव वाचविण्याकडे, अन्नाकडे आणि पिण्याच्या पाण्याकडे असते. परंतु पाणी ओसरल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस छातीच्या आरोग्याच्या दृष्टीने निर्णायक असतात, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. चिखल काढून भिंती धुवाव्यात, भिजलेल्या कापसाच्या गाद्या व उशा मोह न धरता टाकून द्याव्यात, वीजजोडणी तपासून घेतल्यावर पंखे चालू ठेवावेत. भिंत आतून वाळल्याखेरीज नवा रंग लावू नये; त्यासाठी काही महिने लागले तरी थांबावे. पूरग्रस्तांना मदत पाठविणाऱ्या दात्यांनी चादरींबरोबर कोरड्या गाद्या, हातमोजे आणि मुखपट्ट्या यांचाही विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

ज्यांच्यापाशी एकच खोली आहे

वरील सूचना वाचून अनेकांना वाटेल की, हे सर्व ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांच्यासाठी झाले. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक रुग्णांचे बिऱ्हाड दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत असते. मालक दुरुस्ती करीत नाही, खिडकी एकच असते आणि तीही गटाराकडे उघडते. अशा कुटुंबाला ‘घर बदला’ असे सांगणे ही थट्टा ठरेल. त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. रुग्णाचे अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर न्यावे. जमिनीवर निजण्याऐवजी त्याला खाट द्यावी. रात्री डासांच्या उदबत्तीऐवजी मच्छरदाणी लावावी. भिंत ओलीच राहते, परंतु रुग्णाचे नाक तिच्यापासून चार हात दूर जाते आणि धुराचा भार हलका होतो. यांनी इन्हेलरची आवश्यकता संपत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध कमी वा बंद करू नये.

ओलीची सवय नाकाला लवकर होते. घरच्यांना कुबट वास येईनासा होतो आणि पाहुण्याला तो उंबऱ्यातच जाणवतो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी विचारलेल्या प्रश्नांना संकोच न बाळगता उत्तरे द्यावीत : घरात कोठे ओल आहे का, रुग्ण कोठे निजतो, खिडकी कोणत्या दिशेला आहे, रात्री काय जाळले जाते. घराची उणीदुणी काढणे हा त्यामागचा हेतू नसतो. गोळी बदलण्यापूर्वी अंथरुणाची जागा बदलून पाहता येईल का, एवढेच त्यातून समजून घ्यावयाचे असते.

देणगीदारांच्या औदार्यामुळे आमच्या छातीविकार विभागातील खाटा, प्राणवायू आणि औषधे यांची सोय होते, याची आम्हाला कृतज्ञ जाणीव आहे. त्या दानाचे फळ रुग्णाच्या घरीही टिकावे, ही आमची इच्छा आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या घराच्या भिंतींवरून एकदा हात फिरवून पाहावा, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीच्या खोलीतील भिंत कशी आहे, याचीही आस्थेने चौकशी करावी. तेथील एक गळती बुजविण्यासाठी केलेले साहाय्य आम्ही या रुग्णालयाला मिळालेल्या देणगीइतकेच मोलाचे मानू.